मागची गुरगुर

"वाचन छान आहे. फक्त मागची गुरगुर काढून पुन्हा पाठवा. शुक्रवारी दुपारी चारला निवड बंद होईल."

हा निरोप फलाटरावांनी सकाळपासून सतरा वेळा वाचला होता आणि सतराही वेळा 'छान'वरून घसरून ते 'गुरगुर'वर आपटले होते. अठ्ठावीस वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या होत्या, म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे लोकांना सांगितलं होतं. फलाटराव हे नावही त्यातूनच पडलेलं. मग एके दिवशी त्यांच्या खुर्चीवर एक यंत्र आलं. ते गाड्यांची नावं चुकीची घ्यायचं, पण चहा मागायचं नाही, रजा मागायचं नाही. फलाटरावांना हार घालून घरी पाठवण्यात आलं.

तेव्हापासून एक भुंगा त्यांच्या डोक्यात होता. आपला आवाज आता कुणालाच नको आहे का? बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीला घरबसल्या वाचणारे हवेत असं कळल्यावर ते तीन दिवस नीट जेवले नव्हते. मुलीनं माइक पाठवला, माइक आणि लॅपटॉप जोडणारा एक छोटा डबा पाठवला आणि स्वयंपाकघरातून बोलल्यासारखं येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाचा, असं फोनवरून बजावलं.

नमुन्याचं वाचन पाठवलं तेव्हाची मांडणी अशी होती. फलाटराव आतल्या खोलीत, कपाटात, साड्यांच्या आणि कोटाच्या मध्ये माइक धरून उभे. लॅपटॉपचा पंखा घरघरतो म्हणून तो बाहेरच्या खोलीत, दार लावून. त्याच्यासमोर काकू, म्हणजे फलाटरावांच्या पत्नी. बटण दाबायचं, हिरवी रेघ हलते की नाही ते बघायचं आणि छापील पानांवरून बोट फिरवत नवरा कुठे चुकतो ते टिपायचं, ही कामं त्यांच्याकडे. दोघांच्या मध्ये दाराखालून गेलेली लांबलचक केबल.

"गुरगुर येते कशी?" फलाटराव हवालदिल होऊन म्हणाले. "तुला ऐकू आली?"

"लॅपटॉपचा आवाज वर्षभर बंद आहे. मला काय ऐकू येणार? हेडफोन आणा म्हटलं तर तुम्ही आणत नाही."

"स्वतःचा आवाज स्वतः ऐकायचा? छे! अंगावर काटा येतो माझ्या."

हे मात्र खरं होतं. ज्या माणसाचा आवाज अख्ख्या गावानं ऐकला, त्यानं स्वतः तो कधी धड ऐकला नव्हता.

कोपऱ्यावरच्या ध्वनिवाल्याचं दुकान म्हणजे तारांचं जंगल होतं. त्यानं फलाटरावांची केबल हातात घेतली, डॉक्टरनं नाडी बघावी तशी दोन बोटांत चोळली. मग कात्रीनं कचकन कापलीच.

"अहो!"

"बघा काका. आत दोन तारा, ठीक आहे. पण भोवती विणलेली जाळी हवी घट्ट. इथे चार केस आहेत नुसते, म्हाताऱ्याच्या टकलावर असतात तसे. बाहेरची गुरगुर अडवणार कोण?" फलाटरावांचा हात नकळत डोक्यावर गेला. "जाळी दाट हवी, टोकाचं सोल्डरिंग पक्कं हवं आणि केबल जेवढ्यास तेवढीच. लांब घेतलीत तर वेटोळं करून ठेवाल, आणि ठेवाल नेमकं विजेच्या वायरवर."

फलाटरावांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि कमी पडायला नको म्हणून दुप्पट लांबीची घेतली.

नवी केबल चांगली जाड होती. इतकी, की ती दाराखालून जाईना. दार उघडं ठेवलं तर पंख्याची घरघर आत येणार. फलाटरावांनी करवत आणली आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात मुठीएवढी खाच पाडली. उरलेल्या केबलचं वेटोळं फ्रिजच्या वायरवर बसलं तेव्हा त्यांना ध्वनिवाल्याचे शब्द आठवले. त्यांनी फ्रिज बंद केला. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ. वरच्या मजल्यावर जाऊन त्यांनी शेजारणीला शिलाई मशीन तासभर थांबवायची विनंती केली.

"दूध नासेल," काकू म्हणाल्या.

"इथे माझा आवाज नासतोय, तुला दुधाचं पडलंय!"

यावेळी त्यांनी जीव तोडून वाचलं. पाठवलं. गुरुवारी संध्याकाळी उत्तर आलं.

"आवाज पूर्वीइतकाच गोड. पण गुरगुर वाढली आहे. आता तर तिच्यात शब्दही कळू लागले आहेत."

'गोड' वाचून फलाटरावांना क्षणभर गुदगुल्या झाल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कुणी गोड म्हटलं नव्हतं. पुढचं वाक्य वाचून मात्र ते ओरडलेच.

"शब्द! अगं, केबल रेडिओ पकडतेय! नाहीतर कुणाचा तरी फोन! आपण लोकांच्या खाजगी गोष्टी पाठवतोय बहुतेक."

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता ध्वनिवाला पिशवीतून हेडफोन घेऊन घरी आला. त्यानं केबल हलवून बघितली, दोन्ही टोकं दाबून बघितली, दाराची खाच बघितली आणि काही न बोलण्याइतका सभ्यपणा दाखवला. मग हेडफोन कानाला लावून आधीचं वाचन सुरू केलं. त्याच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"काकू, तुम्ही वाचत होता?"

"मी? छे, मी नुसती पानावर बोट ठेवून... पुटपुटत असेन. सवय आहे हो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नऊ वर्षं रोज त्यांच्या कानाशी वाचायचे. मोठ्यानं वाचलं तर घाबरायच्या."

ध्वनिवाल्यानं लॅपटॉपवर कुठेतरी बोट दाबलं आणि तोंडावर रुमाल धरला. "काका, यानं तुमच्या माइकचं ऐकलेलंच नाही. याच्या पोटात स्वतःचा बारीक माइक असतो, तोच चालू होता. समोर बसलेल्या माणसाचंच ऐकत होता."

"मग गुरगुर कसली?"

फलाटराव दाराच्या खाचेकडे बघत राहिले. ती पाडल्यावरच शब्द कळू लागले होते.

"आता माइक लावून दिलाय," ध्वनिवाला घाईघाईनं म्हणाला. "केबल फर्स्ट क्लास आहे. अजून तासभर आहे काका, वाचा तुम्ही."

फलाटराव कपाटात गेले आणि एक पान वाचलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हेडफोन कानाला लावले. गोष्टीत एक आई परदेशी निघालेल्या मुलाला निरोप देत होती. केबल खरंच उत्तम होती, एकही अक्षर हरवलं नव्हतं. मुलगा तीन नंबरच्या फलाटावरून सुटतो आहे आणि प्रवाशांनी सामानाची काळजी घ्यावी, असंच वाटत होतं.

त्यांनी हेडफोन काढले. मग त्यांनी कालचं वाचन लावलं आणि दूरवरच्या त्या ओरडणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करून जवळचा आवाज ऐकला. आई निरोप देत होती आणि रडायचं नाही असं स्वतःला समजावत होती. चाळीस वर्षं एका घरात राहून हा आवाज आपण ऐकलाच नाही, याची त्यांना लाज वाटली.

"अगं," ते म्हणाले, "कपाटात तू उभी राहा."

"मी? अहो, काहीतरीच! केबल नीट आहे ना? वेटोळं वायरवर नाही ना?"

"नाही. फ्रिजही बंद केलाय. तू वाच."

चारला पाच मिनिटं कमी असताना वाचन गेलं. काकू वाचत होत्या तोवर फलाटराव लॅपटॉपसमोर ओठ मिटून, श्वाससुद्धा जपून घेत बसले होते.

सहा वाजता उत्तर आलं. "निवड झाली. अभिनंदन! गुरगुर पूर्ण गेली. नेमकं काय केलंत? इतर वाचकांनाही सांगता येईल."

"काय म्हणतायत?" काकूंनी आतून विचारलं. त्यांना कपाटातून बाहेर यायचा अजून धीर झाला नव्हता.

"गोड आवाज आहे म्हणतायत."

"कुणाचा?"

"तुझा," फलाटराव म्हणाले. मग त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

"केबल बदलली."