सामंतकाकांची रॅम

सामंतकाका भाजीला निघताना पाकीट विसरतील, पण खिशातलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन विसरणार नाहीत. भाजीवाल्याच्या काट्यावर आधी ते ठेवायचं, आकडा बघायचा, मगच मिरच्या. डोंबिवलीच्या आमच्या बाजारात ते दिसले की निम्मे विक्रेते उगाचच काटा पुसायला घेतात.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. बत्तीस वर्षांत एकाही दुकानदाराचा चहा घेतला नाही, हे ते भेटेल त्याला सांगतात. "छापलंय ना? मग तेवढं मिळालंच पाहिजे!" हे त्यांचं पालुपद.

मागच्या वर्षी त्यांनी नवा कॉम्प्युटर जुळवून घेतला आणि माझी कंबख्ती भरली. एका रविवारी सकाळीच फोन आला.

"अरे, रॅमच्या खोक्यावर ३२०० छापलंय. इथे २१३३ दाखवतोय. सरळ एक तृतीयांश घट!"

मी खाली गेलो. "काका, माल पूर्ण आहे. रॅम आधी बेताच्या वेगानेच चालते. पूर्ण वेग हवा तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन तिची प्रोफाइल चालू करायची."

"म्हणजे गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय पूर्ण माप नाही? वा रे वा!"

मी प्रोफाइल चालू केली. काकांनी एकेक पायरी वहीत उतरवून घेतली. ३२०० दिसल्यावर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. पुन्हा २१३३. तिसऱ्या रविवारी तेच. मी सेटिंग लक्षात ठेवणारा मदरबोर्डचा सेल बदलला, रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. चौथ्या रविवारी मात्र माझं डोकं फिरलं.

"काका, बोर्डच खराब आहे. चला, दुकानात जाऊ. चांगला फैलावर घेऊ दुकानदाराला."

काका उठले नाहीत. वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत बसले.

"त्याचा दोष नाही," ते म्हणाले. "काटा मीच मारतो. दर शनिवारी. वहीत लिहिलंय ना सगळं, तेच उलटं करतो."

"अहो, पण का?"

"जन्मभर लोकांकडे तक्रारीच्या कामानेच गेलो. तक्रारीशिवाय कुणाला बोलवायचं कसं, ते येतच नाही रे मला."

चार रविवार फुकट गेल्याचा मला राग यायला हवा होता. पण दुकानदारावर खोटा आळ येऊ नये म्हणून हा माणूस माझ्यासमोर उघडा पडला होता. मी ३२०० लावून दिलं आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी नुसतं बोलवा. येईन मी."

पुढच्या रविवारी नऊ वाजता फोन वाजला. पलीकडून नुसतंच खाकरणं ऐकू आलं.

"काका?"

"हां. रॅम ठीक आहे. सगळंच ठीक आहे." मग घाईघाईने, "दोघांचा उपमा केलाय. येतोस?"

आमच्याकडे नाश्ता उरकला होता. मी चपला घातल्या.