तीन टँकर आणि एक अक्कलदाढ

"टँकर किती वर्षं चालवताय?"

हा प्रश्न येणार हे मास्तरांना माहीत होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या मेहुण्याने उत्तर देऊन टाकलं.

"दहा वर्षं, साहेब. तेही डोंगरात. बर्फातसुद्धा."

मास्तरांनी आजवर बर्फ पाहिला होता तो फक्त सरबताच्या ग्लासात. त्यांचा सारा जन्म ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत गेला होता आणि तोही शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर, जादा ब्रेकवर पाय ठेवून. स्कूल बंद पडलं तेव्हा त्यांनी चाळिशी उलटल्यावर अवजड वाहनाचं लायसन्स काढलं आणि तेलक्षेत्रातल्या एकूण एक कंपनीचे उंबरे झिजवले. जो तो म्हणे, आधी अनुभव आणा. तो कुठे मिळतो, हे मात्र कुणी सांगत नसे. राहता राहिलं होतं हे एक यार्ड. मेहुणा इथल्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. त्याच्या हातच्या आम्लेटवर सुपरवायझर साहेबांची मर्जी होती, म्हणून मास्तर आज त्यांच्यासमोर उभे तरी राहू शकले.

एरवी साहेबांनी नव्या माणसाची उलटतपासणी घेऊन त्याला पार पिळून काढलं असतं. आज त्यांचा उजवा गाल टम्म फुगला होता आणि डोळे लाल होते. बरेच दिवस त्यांची अक्कलदाढ दुखत होती. साऱ्या यार्डाला ते ठाऊक होतं, पण साहेबांचा स्वभावही ठाऊक असल्यामुळे दाढेचं नाव कुणी काढत नव्हतं.

साहेबांनी किल्ली टेबलावर सरकवली. "आज एक फेरी. मग बघू," ते गाल दाबत म्हणाले. "माझ्या गाडीमागे या. हाट्यावं हावीकडे. हमजलं?"

मास्तरांना 'माझ्या गाडीमागे या' एवढंच समजलं. पुन्हा विचारावं असं मनात आलं, पण बर्फात दहा वर्षं टँकर चालवलेला माणूस असलं काही विचारील का? त्यांनी जोरात मान डोलावली.

तेलाच्या विहिरीचं खोदकाम पाण्यावाचून अडलं होतं. पाण्याचे तीन टँकर निघाले. सर्वांत पुढे साहेबांची पिकअप, तिच्यामागे मास्तर, मग दाढीवाला, शेवटी पैलवान. हे दोघे जुने ड्रायव्हर. नव्या माणसाच्या मागे राहा आणि त्याच्यावर लक्ष ठेवा, असा त्यांना हुकूम होता.

मास्तरांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की जणू ते कुणी पळवून नेईल. धुळीत पिकअपचे मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते आणि त्यांच्यावरून नजर हलवायची नाही, असा त्यांनी निश्चय केला होता. फाटा आला. विहिरीचा रस्ता डावीकडे जात होता आणि गावाचा उजवीकडे. पिकअप उजवीकडे वळली. मास्तरही वळले.

मागच्या दोघांचा वॉकीटॉकीच्या वेगळ्या चॅनेलवर खल सुरू झाला.

"विहीर तर डावीकडे आहे," दाढीवाला म्हणाला.

"बदलली असेल," पैलवान म्हणाला.

"रात्रीत विहीर बदलते का रे?"

"मग विचार साहेबांना. त्या गालाला विचार."

दाढीवाल्याने क्षणभर विचार केला आणि टँकर उजवीकडे वळवला.

गावातल्या दुकानांच्या एका अरुंद गल्लीत पिकअप थांबली. साहेब उतरले आणि मागे न बघता एका दारातून आत गेले. मागोमाग तीन टँकर गल्लीत शिरले आणि गल्ली बूच मारल्यासारखी बंद झाली. न्हाव्याच्या दुकानात अंधार झाला. न्हावी हातात वस्तरा घेऊनच बाहेर आला, त्याच्या मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं.

"आग लागलीय का कुठे?" न्हाव्याने विचारलं.

"नाही," मास्तर खिडकीतून म्हणाले. "साहेब आत गेलेत."

तेवढ्यात वॉकीटॉकीवर विहिरीचा इंजिनिअर कडाडला, "पाणी कुठे आहे?"

"साहेबांबरोबर आहे," पैलवान म्हणाला. ते खरंही होतं.

वाट बघून तिघे खाली उतरले. दारावरच्या पाटीवर एक भलामोठा दात काढलेला होता. तो पाहिल्यावर मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाट्यावं हावीकडे. फाट्यावर डावीकडे, म्हणजे साहेब एकटे इकडे आणि टँकर विहिरीवर. पहिली फेरी, आणि तीच शेवटची. बायकोने सकाळी फक्त एवढंच म्हटलं होतं, "यावेळी हसत घरी या." त्यांना आता टँकर तिथेच सोडून चालत घरी जावंसं वाटलं. पण गल्ली मोकळी करायची तर आत जाऊन विचारणं भाग होतं.

त्यांनी दार ढकललं. पलीकडून साहेबही तेच दार ओढत होते. आतल्या खोलीतून मशीनची बारीक किरकिर येत होती, साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर आला होता.

"तुम्ही साहेबांबरोबर आलात का?" काउंटरमागच्या नर्सबाईंनी तिघांना विचारलं. "फार छान केलंत. मागच्या दोन्ही वेळी साहेब खुर्चीपर्यंत पोचायच्या आतच पळाले."

दाढीवाला खोकला. पैलवान छताचा पंखा निरखू लागला. मास्तरांना कुठे बघावं ते कळेना, म्हणून ते साहेबांच्या बुटांकडे बघत राहिले.

"होण पळालं?" साहेब म्हणाले. त्यांनी उंबऱ्याबाहेरचा पाय आत घेतला, शर्ट सारखा केला आणि फाशी जाणाऱ्या वीराच्या चालीने किरकिरीच्या दिशेने निघून गेले.

ते बाहेर आले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता आणि चेहऱ्यावर काहीतरी हरवल्याचा भाव. दारात येऊन त्यांनी गल्ली पाहिली. एक टँकर, दुसरा टँकर, तिसरा टँकर, अर्धी दाढी झालेला माणूस. त्यांचं बोट सावकाश उचललं गेलं आणि मास्तरांवर येऊन थांबलं. तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," नर्सबाई मागून म्हणाल्या. "आणि आज गाडीही चालवायची नाही."

तोंड मिटलं. दाढीवाल्याने पिकअप पुढच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली आणि साहेब पहिल्या टँकरमध्ये, मास्तरांच्या शेजारी चढून बसले. गल्लीचं दुसरं टोक विहिरीच्या रस्त्याला मिळत होतं, एवढं तरी नशीब.

गाव मागे पडलं आणि खड्ड्यांचा रस्ता लागला. मास्तरांना राहवेना.

"साहेब, चूक माझी आहे," ते समोर बघत म्हणाले. "तुमचं बोलणं मला कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. आणि ते दहा वर्षांचंही खोटं आहे. मेहुणा प्रेमापोटी बोलला, त्याला काही करू नका. मी छोट्या गाड्या शिकवायचो. बर्फ तर मी..."

शेजारून घोरण्याचा आवाज आला.

साहेबांची मान खिडकीला टेकली होती. कितीतरी दिवसांनी ठणका थांबलेल्या माणसाची ती झोप होती. मास्तरांनी पायाचा दाब कमी केला. आयुष्यभर त्यांनी घाबरलेल्या माणसांशेजारी बसून गाडी हळुवार हाकायला शिकवली होती; आता खड्डा आला की ते चाक असं उतरवत जसं कुणी पाळण्यात मूल ठेवतं. मागे पैलवानाने वैतागून हॉर्न वाजवला. मास्तरांनी खिडकीतून हात काढून त्याला दटावलं.

विहिरीवर इंजिनिअर धावतच आला. "अहो, ही काय वेळ..."

"हळू बोला," मास्तर कुजबुजले. "साहेब झोपलेत."

पण साहेब जागे झाले होते. त्यांनी बाहेर पाहिलं, मागच्या रस्त्याकडे पाहिलं, बोळा काढून फेकला.

"मी झोपलो होतो? या रस्त्यावर?"

"हो, साहेब."

साहेबांनी गाल चाचपला. मग वॉकीटॉकी उचलला. "ऑफिस? नवा ड्रायव्हर कायम करा. हो, आजपासून."

आता गप्प बसलं तर चालणार होतं, पण मास्तरांना ते जमेना. "साहेब, मघाशी मी सांगत होतो, तुम्ही झोपला होतात. मला दहा वर्षांचा अनुभव नाही. एका दिवसाचाही नाही."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "यार्डातून निघताना तू इंडिकेटर दिलास. इथला अनुभवी माणूस असलं काही करत नाही." ते जरा थांबले. "ती दाढ तू नसतास तर आजही तोंडातच राहिली असती. जा, पाणी सोड."

पाइप जोडला गेला, पाणी धो धो वाहू लागलं. मास्तर टँकरच्या पायरीवर बसले. छाती कशी मोकळी झाली होती. त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"लागली नोकरी."

"खरंच? मग असे चोरासारखे का बोलताय?"

मास्तरांनी केबिनकडे मान वळवली. काचेला गाल टेकलेला होता, सुजलेला नव्हे, दुसरा.

"साहेब परत झोपलेत गं," ते म्हणाले आणि आवाज न करता हसत राहिले.