दामूकाकांच्या बशा

मार्गशीर्षातला रविवार. ठिकाण: खर्डी, आमचं अंगण. निमित्त: माझ्या मुलीची, सुजाताची, सुपारी फोडणे. हजर: आमचे घरचे, मुरबाडचे पाहुणे, मुलाचे आजोबा आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले शेजारचे दामूकाका.

दामूकाका कपातून चहा पीत नाहीत. बशीतून पितात, आणि पिता पिता इतिहास सांगतात. "चीनच्या राजाच्या गरम पान्यात झाडाची पानं पडली. राजानं चाखलं. पुढं साहेबानं आसामात मळे लावले, आन् आगगाडीनं चहा खर्डीला उतरला. तवर आमी गवती चहाच उकळीत व्हतो!" कोणी उठू लागलं की, "बस रे, अजून राजाच चाललाय!"

गावात कुणाचा कप फुटला की उरलेली बशी काकांकडे जाते. "टाकू नको गो, तिनं काय केलं?"

मी पडले व्यवहारी. भांडी घासायला नकोत म्हणून कागदी कप आणले होते. आजोबांना चटका बसला आणि ते उठलेच. "आमी काय फाट्यावर गाडीची वाट बघतोय? सोयऱ्याला कागदात चहा? चला रे!"

मुलाचे वडील चपला शोधू लागले. सुजाता दारात पांढरीफटक.

मी काही बोलायच्या आत काका कुंपणापलीकडे जाऊन टोपली घेऊन आले. एक बशी दुसरीसारखी नाही. निळ्या काठाची आजोबांच्या हातात दिली, चहा ओतला. "फुंका, पाव्हनं! साहेब बी आधी बशीतच प्यायचा. मग लाजायला लागला. आपन नाय लाजलो!"

आजोबांनी फुर्रकन भुरका मारला. रिकामी बशी पुढे केली.

"आनखी वत," ते म्हणाले.

मग अंगणभर नुसते भुरके! सुपारी फुटली. काका रिकामी टोपली नाचवत ओरडले, "राजाला सांगा, खर्डी जिकली!"

संध्याकाळी धुतलेल्या बशा पोचवायला गेले. चुलीपुढे काका बशी घेऊन बसले होते. समोर भरलेला कप, हात न लावलेला.

"सुजाला धाडा. निवतोय तिचा."

"तिचा?"

"एका चहात दोघं. आमची ही व्हती तवर ती कप, मी बशी. ती गेल्यापासून तुमची सुजा येते. राजाची गोष्ट पुरती तिनं एकटीनंच आइकली हाय."

मांडव, आचारी, वाजंत्री, सगळं ठरलं. सुजाता मुरबाडला गेल्यावर काकांसमोरच्या कपाला कोण, तेवढं ठरायचं राहिलं आहे.