श्रीमंतरावांची चौकशी

त्र्याहत्तर साली झुंबरबाईंनी आपल्याविरुद्ध थेट मुंबईला, लोकायुक्तांकडे तक्रार केली, हे कळल्यावर सरपंच श्रीमंतराव आधी चिडले. गावाचा सार्वजनिक नळ त्यांनी स्वतःच्या गोठ्यापाशी बसवला होता आणि झुंबरबाईंच्या आळीतल्या बायांना हंडे घेऊन अर्धं गाव तुडवावं लागत होतं. तक्रार खोटी नव्हतीच. पण अर्ज लिहून देणारे गोरक्षनाथ गुरुजी म्हणाले, "सरपंच, हे लोकायुक्त मंत्र्यांची चौकशी करायला नेमलेत."

"मंत्र्यांची? अन् आता माझी?"

श्रीमंतरावांची छाती फुगली. उभ्या तालुक्यात असा मान कुणाला मिळाला होता? सोनईच्या बाजारात ते आपणहून सांगत सुटले. शाळेपुढं मांडव घातला, पताका लावल्या, येणाऱ्या साहेबांसाठी फेटा आणला. झुंबरबाई दिसल्या की विचारायचे, "आक्का, लिव्हायचं काई ऱ्हायलं तर न्हाई ना?"

मग मुंबईचं उत्तर आलं. गुरुजींनी ते मांडवातच वाचलं. नळाच्या जागेबद्दल पंचायत समितीकडे दाद मागता येते, त्यामुळे लोकायुक्तांना ही चौकशी करता येत नाही.

श्रीमंतरावांचं तोंड एवढंसं झालं. "मंत्र्यावरनं एकदम पंचायत समितीवर? सोनईत आता काय तोंड दावू?"

झुंबरबाई त्यांच्याहून भडकल्या. त्यांची तर नळाची आशाच गेली होती. "त्यांना जमत न्हाई तर ऱ्हाऊ द्या! आपल्या गावात काय मान्सं न्हाईत? मी करते चौकशी!"

"करा!" श्रीमंतराव ताडकन उठले. "पर मंत्र्याची करत्यात तशी करा. कसर नगं."

साहेबांचा फेटा झुंबरबाईंनी पदरावरूनच चढवला आणि खुर्चीवर बसल्या.

"नळ गोठ्यापाशी का लावला?"

"म्हशींची सोय."

"अन् बायांची?"

श्रीमंतराव मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "चुकलं माजं. लिव्हा गुरुजी, दोषी!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. मुंबईला जमलं नाही ते आपण करून दाखवलं, याचा गावाला खरोखर अभिमान वाटला.

पंधरवड्यात नळ आळीत आला. उद्घाटनाला शेजारच्या गावचे सरपंच आसाराम यांना मुद्दाम बोलावलं होतं. गुरुजींनी पुकारलं, "चौकशीत पूर्णपणे दोषी ठरलेले आपले लाडके सरपंच यांच्या शुभहस्ते…"

श्रीमंतरावांनी तोटी सोडली. धार हंड्यात पडू लागली तसे ते आसारामांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "तुमची झालीय का कदी?"