रेजमाल लागते

रायपूरच्या गुढियारीतल्या त्या गल्लीत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली एकटी रुचिताच होती, आणि गल्लीला याचा विसर पडू न देण्याची जबाबदारीही तिनेच उचलली होती. "घाबरायचं नाही! आधी लक्षणं पाहायची, मग बोलायचं," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे सहा वर्षांची पायल घसा दुखतो म्हणून शाळेला गेली नाही, तेव्हा रुचिता ऐटीत म्हणाली, "वहिनी, तू बिनधास्त जा ऑफिसला. घरात मी आहे ना!"

भावना वहिनी नव्या रायपूरची बस पकडते न पकडते तोच पायलच्या मानेवर लाल पुरळ उगवलं. ते आधी दिसलं आजीला, म्हणजे कलावतीबाईंना.

"अवो माय! पोट्टीले माता आली!"

"आई, आपण बुद्धाचे लोक. आपण देवी-माता मानतो का?" रुचिता म्हणाली.

"आपण नाई मानत वो! पण ते आपल्याले मानते का, हे कोणी पाह्यलं?" असं म्हणून त्या शेजारच्या साहू चाचीला आणायला पळाल्या.

रुचिताने मात्र शांतपणे लक्षणं पाहिली. पुरळावर बोट दाबलं की लाली जाई, सोडलं की परत येई. गाल लालबुंद, पण ओठांभोवती फिकट कडं. जीभ लालभडक, दाणेदार, थेट पिकलेली स्ट्रॉबेरी! आणि पोटावरून हात फिरवला तर काय खरखरीत!

"स्कार्लेट फीवर!" ती ओरडली. "घशातल्या स्ट्रेप जंतूंचं काम!"

पुस्तकातलं चित्र घरात सापडल्याचा हा आनंद पायलला कळला नाही. तिने भोकाड पसरलं. "आत्या, मैं मर जाऊंगी क्या?"

"काहून मरशील? औषधानं बरं होते हे. पण आजच जायचं डॉक्टरकडे."

हे म्हणता म्हणता रुचिताने पायलच्या काखेत थर्मामीटर लावला. औषध मिळालं नाही, तर हा आजार पुढे हृदयाच्या झडपांना धरू शकतो, हे तिला पाठ होतं. परीक्षेत त्याला पाच गुण होते. घरातल्या पोरीला होतो, तेव्हा कसं वाटतं, ते पुस्तकात नव्हतं. दवाखाना दुपारी बंद व्हायचा. स्कूटर घेऊन बाबा बाजारात गेलेले. तिने फोन लावला.

"बाबा, लवकर या! पायलचं अंग रेजमालासारखं लागते!"

रेजमाल म्हणजे सुतार लाकूड घासतात तो खरखरीत कागद. देवीदासराव तेव्हा मालधक्क्याजवळ उभे होते आणि दोन ट्रक हॉर्न वाजवून भांडत होते. त्यांच्या कानात शिरलं ते इतकंच: "पायल... रेजमाल... लागते!" शाळेने काही बनवायला सांगितलं असेल, असं त्यांना वाटलं.

"कितीचा?" त्यांनी विचारलं.

ताप विचारताहेत, असं रुचिताला वाटलं. "एकशे दोनचा!"

हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी एकशे दोन नंबरचा रेजमाल मागितला, तेव्हा दुकानदार हसला. "एक सौ दो नंबर होता ही नहीं भैया! सौ ले जाओ, नहीं तो एक सौ बीस."

देवीदासराव रेल्वेतून निवृत्त झालेले, जोखीम न घेणारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही घेतले.

इकडे साहू चाची कडुनिंबाचा डहाळा घेऊन हजर झाली होती. तिने पायलला पाहिलं, हात जोडले. "हव, माता आए हे. अब दवाई नहीं, दाल में तड़का नहीं, डॉक्टर तो बिलकुल नहीं!"

रुचिता तोंड उघडणार, तोच देवीदासराव दारात. "घे वो तुझा रेजमाल! एकशे दोन नाई भेटला. जाडा आणला, बारीक बी आणला. पहिले जाड्यानं घास, मंग बारीकनं. पायल कुठं आहे?"

चाचीच्या हातातला डहाळा खाली पडला. डोळे बशीएवढे झाले. "माता को... रेजमाल से... घिसोगे?"

कोणी उत्तर द्यायच्या आत तिने पायलला उचललं, स्वतःच्या घरात शिरली आणि आतून कडी लावली! पुढच्याच क्षणी खिडकीतून असा आकांत सुरू झाला, की अख्खी गल्ली गोळा झाली.

"नातीले सोलाले निघाला हा माणूस!" कलावतीबाई कपाळ बडवत होत्या. "रिटायर झाल्यापासून याले कामच नाई!"

"मले काय माहीत? हे रुचिताच म्हणली लागते म्हणून!"

"हाताले लागते, बाबा! पाह्यजे असं नाई!" रुचिता दार ठोठावत होती. "चाची, दरवाजा खोलो! दवाई नहीं मिली तो दिल पर असर हो सकता है!"

"पहले वो कागज फेंको!"

"कोराकरकरीत आहे, काहून फेकू?" देवीदासरावांनी रेजमाल घडी करून खिशात घातला.

शेवटी रुचिताचा धीर सुटला. लक्षणं-बिक्षणं राहिली बाजूला, ती चक्क रडायला लागली. तेव्हा कुठे कडी निघाली. अट एकच: डॉक्टरकडे पायल चाचीच्याच मांडीवर बसेल!

डॉक्टरांनी पायलचा घसा पाहिला, तपासणीला कापसाचा बोळा फिरवला. मग पोटावरून हात फिरवला आणि खुशीत म्हणाले, "वाह! एकदम रेजमाल!"

चाची पायलसकट स्टूल घेऊन भिंतीपर्यंत मागे सरकली.

"आहे, माझ्याजवळ आहे!" देवीदासरावांनी खिशात हात घातला.

बाकी रुचिताचं निदान तंतोतंत बरोबर निघालं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दोन दिवसांत बरं वाटलं तरी पूर्ण कोर्स करायचा, असं बजावलं. पायलचा पेला वेगळा ठेवायला सांगितलं. पुरळ गेल्यावर बोटांची सालपटं निघतील, तेव्हा घाबरू नका, हेही सांगितलं. पण तेव्हा चाची बाहेर रिक्षा थांबवत होती. नंतर तिला सांगावं, असं रुचिताच्या मनात होतं. पण बरोबर निघालेलं निदान फोनवर सगळ्या मैत्रिणींना कळवायचं होतं ना!

चाची मात्र पुरती बदलली. रोज सकाळी भिंतीवरून हाक: "दवाई पिलाए?" कोर्स पूर्ण झाला, पायल उड्या मारू लागली, आणि चाची कौतुकाने खीर घेऊन आली.

अंगणात देवीदासराव जुनं कपाट घासत बसले होते. चाचीने लाडाने पायलचा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली!

चाची पांढरी पडली. तिने देवीदासरावांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "कौन सा... लगाए, भैया?"

"बारीकवाला," देवीदासराव मान वर न करता म्हणाले. "जाड्यानं लई ओरखडे पडतात."

आत रुचिता फोनवर कुणाला तरी सांगत होती, "घाबरायचं नाही! आधी लक्षणं पाहायची..." तेवढ्यात चाचीने पायलला उचललं आणि शेजारी कडी लागल्याचा आवाज आला.