हलूनकांचं रॉकेट

पासपोर्टचे फोटो काढण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्या माणसाने रॉकेटच्या वाटेला जाऊ नये. रॉकेटला 'हनुवटी जरा खाली घ्या' असं सांगता येत नाही. पण कॉलनीत सगळे ज्यांना पाठीमागे 'हलूनका' म्हणत, त्या फोटोग्राफरांनी ट्रायपॉड गच्चीवर चढवलाच, कारण त्या रॉकेटमध्ये त्यांच्या मुलीचा वाटा होता.

वाटा म्हणजे इंधनाच्या टाकीतल्या दाबावर लक्ष ठेवणं, तेही किनाऱ्यावरच्या तळावर, बिनखिडकीच्या खोलीत बसून. दुपारी तिचा फोन आला होता.

"बाबा, आम्हाला इथे नुसते आकडे दिसतात. माझं पहिलं रॉकेट, आणि मलाच दिसणार नाही. तुम्ही दोघं नीट बघा आणि कसं वाटलं ते मला सांगा."

"सांगायचं काय त्यात? असा फोटो काढतो की बघत राहशील."

"फोटो नकोय हो. फोटो इथे ढिगाने येतील."

बाबा तेव्हा लेन्स पुसत होते. स्टुडिओच्या काचेत कित्येक वर्षं एकाच नवरदेवाचा फोटो लावलेला होता आणि एव्हाना त्याचा घटस्फोटही झाला होता. त्या जागी रॉकेटची सोनेरी कमान लावायची, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

अंधार पडल्यावर अर्धी बिल्डिंग गच्चीवर जमली. आणि कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायची चपटी पट्टी सापडेना.

"अगं, घरी टेबलावर राहिली वाटतं. पटकन घेऊन ये ना," ते बायकोला म्हणाले.

"आत्ता? त्याची निघायची वेळ झाली."

"तू येईपर्यंत थांबतंय ते," हलूनका म्हणाले, जसं काही रॉकेट त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकांपैकी होतं.

बायको गुडघे सांभाळत लिफ्टकडे गेली. ती गेली आणि पट्टी त्यांच्याच शर्टाच्या खिशात सापडली. तेव्हाच फोन करून तिला परत बोलवायला हवं होतं. त्यांनी आधी कॅमेरा बसवला. पुढे सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते हेच.

मग डोक्यावरचा दिवा नडला. रॉकेटची पूर्ण वाट एका फोटोत धरायची तर शटर बराच वेळ उघडं ठेवायला लागतं, आणि त्याला काळोख लागतो. त्यांनी वॉचमनला फोन लावला.

"गच्चीवरचा दिवा घालवा हो."

"त्याचं बटण बिघडलंय साहेब. मेन स्विचच बंद करावा लागेल."

"करा, काहीही करा."

वॉचमनने केलं. गच्ची, जिना आणि लिफ्ट, तिन्हींचा मेन स्विच एकच होता. मग त्या सज्जन माणसाने मीटरच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि तोही रॉकेट बघायला समोरच्या मैदानात गेला.

हलूनकांनी ठरावीक वेळाने आपोआप मिटेल असं लावून शटर उघडलं. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, लिफ्ट बंद पडलीये. मिट्ट काळोख आहे इथे. आणि टेबलावर पट्टीबिट्टी काही नाही."

माणूस वाईट नव्हता. कॅमेरा तसाच सोडून ते पळाले. जिन्याला खिडकी नव्हती. चार पायऱ्या उतरले असतील, तोच वर एकदम गलका झाला, "ते बघा, ते बघा!" हलूनका एक पाय वरच्या आणि एक खालच्या पायरीवर ठेवून थबकले. मग खालीच गेले.

"घाबरू नकोस!" लिफ्टचं बंद दार बडवत ते ओरडले. "अजिबात हलू नकोस!"

"कुठे हलू?" आतून आवाज आला.

"मी आहे ना इथे. हा वॉचमन म्हणजे ना, मी नुसता दिवा म्हटलं होतं, आणि त्या गाढवाने..."

"अहो, जरा गप्प बसा."

"गुदमरतंय का तुला?"

"गप्प बसा म्हणते ना."

पण गप्प बसणं त्यांना जमलं नाही. वॉचमन परत येईपर्यंत ते बोलतच राहिले.

"काय दिसलं हो साहेब!" वॉचमन खुशीत म्हणाला. "तुम्हाला तर वरून आणखी झकास दिसलं असेल."

फोटो मात्र दृष्ट लागावी असा आला होता. रात्री मुलीचा फोन आला. पाठवलेला फोटो पाहून ती खूश झाली आणि म्हणाली, "आता सांगा, कसं वाटलं?"

हलूनकांनी फोटोकडे पाहिलं. त्यात ते लिहिलेलं नव्हतं. बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आधी काहीच नव्हतं गं. वर लोक ओरडून गप्प झाले. म्हटलं, गेलं, संपलं. आणि मग बऱ्याच वेळाने लांबून घरघर आली. लिफ्टचं दार थरथरायला लागलं. मी काळोखात दारावर हात टेकून उभी राहिले. म्हटलं, ही आपली पोर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हेच हवं होतं, आई. पण तू लिफ्टमध्ये काय करत होतीस?"

"बाबांच्या खिशातली पट्टी शोधायला गेले होते."

नवरदेव काचेतून गेला आणि त्याच्या जागी सोनेरी कमान आली. फोटोला बसलेलं गिऱ्हाईक अजून विचारतं, "तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत? कसं वाटलं हो?"

"ते आमच्या हिला विचारा," हलूनका कॅमेऱ्यामागून हळूच म्हणतात. "ती लिफ्टमध्ये होती."