वहिनीचा राहिलेला गोठा

आमची वहिनी गाई-म्हशींना अहो-जाहो करते आणि माणसांना अरे-तुरे.

"अहो बाई, जरा सरका, पाय द्याल माझ्या पायावर," हे म्हशीला. आणि त्या म्हशीच्या मालकाला, मग तो गावचा माजी सरपंच का असेना, "ए, नुसता बघत काय उभा राहिलास? शेपूट धर!" पहिल्यांदा ऐकणारा माणूस बावचळतोच. मी एकदा विचारलं, हे काय उफराटं? तर म्हणाली, "वन्सं, म्हशीला राग आला तर लाथ बसते. सरपंचाला राग आला तर तो फार तर फोन फिरवतो."

वहिनी म्हणजे डॉक्टर वैशाली. घोडेगावच्या अलीकडं आमचं गाव, आणि शेजारच्या गावातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ती डॉक्टर. माझ्या थोरल्या भावाची बायको. मला गावातच दिली, माहेर आणि सासर एकाच गल्लीत, त्यामुळं वहिनीचं सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. चंदा दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते असं गल्लीत म्हणतात. खुपसते! माहेर आहे माझं ते.

लोकांच्या बैठकीत लग्नाचे फोटो असतात. आमच्या बैठकीत वासरांचे आहेत. वहिनीनं अडलेल्या गाईंमधून सोडवलेली वासरं. भिंत भरली, आता देवघराच्या बाजूनं सरकायला लागलीत. पाहुणे आले की चहाच्या आधी दर्शन. "हा बघा, आडवा आला होता. ही उलटी. आणि हे साहेब, ह्यांनी माझा खांदा आठवडाभर वर उचलू दिला नाही." बिचारे पाहुणे माना डोलवतात. एकदा दादाला बघायला... चुकले, दादाच्या शाळेत नवीन आलेल्या सरांना बघायला मुलीकडचे आमच्या घरी उतरले होते, तर त्यांना मुलाच्या फोटोऐवजी एक रेडकू दाखवून झालं. लग्न जमलं, हे त्या रेडकाचं नशीब.

पण ही मिरवणारी बाई उगाच मिरवत नाही. तिला मिरवावं लागलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती स्कूटीवरून एका वस्तीवर गेली, तर शेतकरी तिच्या मागं रस्त्याकडं बघत उभा. "डाक्टर मागनं येत्यात का?" वहिनी म्हणाली, "पुढनं आलेत. पाणी गरम कर."

घोडेगावच्या बाजारात तर कहर. शुक्रवारचा बाजार, धूळ, हंबरणं, ओरडणं. वहिनी गाई बघत चाललेली, मी पिशवी धरून मागं. एक व्यापारी हसत म्हणाला, "भाजीबाजार पलीकडं हाय बाई." झालं! वहिनी वळली, त्याच्या गाईसमोर उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली, "अहो, जरा आ करता का?" तोंड उघडून दात बघितले. "हा सांगतोय तुमचं दुसरंच वेत आहे, दुसऱ्यांदाच व्यायलात. तुमचे दात सांगतात, तुम्हाला नातवंडं झालीत." आजूबाजूचे लोक असे हसले की तो व्यापारी गाय घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेला. मग आम्ही भाजीही घेतली. वांगी चांगली होती.

बाप्यांची आणखी एक तऱ्हा. गाय माजावर आली, हे बाईमाणसाला सांगायचं कसं? दवाखान्यात येतात, आभाळाकडं बघतात, पायाच्या अंगठ्यानं माती उकरतात. "मॅडम, ते आपलं... गाय जरा... म्हंजी तिचं चित्त थाऱ्यावर न्हाई." काही जण तर थेट आमच्या दादाला गाठायचे. दादा हायस्कुलात गणित शिकवतो आणि पालीला घाबरतो. पण घरात डॉक्टर आहे म्हणजे तो बाप्याच असणार, हा हिशोब! "सर, म्हस चारा खाईना." दादा म्हणायचा, "अहो, मी गणिताचा." तरी माणूस हटायचा नाही. "आसंल हो, पर जरा बघा तरी." शेवटी दादा आत तोंड करून ओरडायचा, "वैशाली, तुझं गिऱ्हाईक!"

हे सगळं वहिनीनं हसून जिरवलं. हळूहळू तालुका तिच्या बाजूचा झाला. आता म्हातारे स्वतः फोन करतात, आभाळाकडं न बघता बोलतात. कुणी काही रडगाणं लावलं की तिचं ठरलेलं वाक्य असतं, "आधी दोरी धर." गोठ्यातलं वाक्य, पण ती कुठंही वापरते. माझं सासूशी वाजलं आणि मी डोळे पुसत गेले तर मलाही तेच. कुठली दोरी, कुणास ठाऊक! पण मी घरी जाऊन भाजी निवडायला घेतली आणि बरं वाटलं.

एकच गोठा राहिला होता. आमचाच.

आमचे वडील, अण्णा. सुनेवर जीव. पारावर बसून "आमची डाक्टर" म्हणून छाती काढतील, पण स्वतःची गाय आजारी पडली की पलीकडच्या गावच्या कराळे डॉक्टरांना फोन. मी किती भांडले! अण्णांचं एकच. "चंदे, सून म्हून आणलीया तिला. म्या म्होरं उभा, अन् सून गाईत कोपरापतूर हात घालती, ह्ये मला बघवायचं न्हाई. लोकाच्या गोठ्यात तिची नोकरी हाय. माज्या गोठ्यात ती सून हाय." वर कराळ्यांचं औषध लागू पडलं की आम्हालाच ऐकवायचे, "बगितलं? बाप्याचा हात!"

वहिनी काही बोलायची नाही. तालुकाभर तोंड चालवणारी बाई ह्या एका गोष्टीवर मुकी. गोठ्यावरून जाताना मात्र तिचा पाय रेंगाळायचा. अण्णांच्या तांबडी गाईकडं ती कशी बघायची, ते मी बघितलंय. माहेरच्या वाटेकडं बघावं तसं. मी म्हटलं, "वहिनी, घुसा की सरळ! कोण अडवतंय?" तर ताठ झाली. "बोलावल्याशिवाय मी कुणाच्याही जनावराला हात लावत नाही, वन्सं. अण्णांनी बोलवलं पाहिजे."

आणि त्या रविवारी दुपारी तांबडी अडली.

वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर दिसत होते आणि डोक्याचा पत्ता नव्हता. गाय कण्हत होती, अण्णा गोठ्यात येरझारा घालत होते. मी बातमी ऐकून तशीच भिजल्या हातानं पळत आले. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. हाक मारली तर वळली, आणि बघते तर काय, खांद्यापर्यंतचे हातमोजे चढवून तयार! "अहो मग जा की!" मी म्हटलं. तिनं मान हलवली. डोळे सगळे गोठ्याकडं, आणि पाय जागचा हलेना. मला दोघांच्या थोबाडीत माराव्यात असं झालं, खरं सांगते.

अण्णांनी कराळ्यांना फोन लावला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. कराळे म्हणाले, "अण्णा, डोकं मागं वळलं असणार. माझा दंड बघितलाय ना तुम्ही? आत मावायचा नाही. असल्या केसेस मी वैशालीताईंकडंच पाठवतो."

"अवो, पर आजवर तुमीच..."

"आजवरचं काय सांगू? तुमचा फोन आला की मी आधी त्यांनाच विचारायचो. तांबडीचा ताप, कालवडीचं पोट, सगळी औषधं त्यांनीच सांगितलेली. माझं नाव सांगू नका म्हणायच्या. मी आपला इंजेक्शन टोचून यायचो."

दाराकडं बघितलं तर वहिनी लाजेनं लाल. चोरी पकडल्यासारखी! अण्णा फोन हातात धरून उभेच राहिले. वाटलं, आता चिडतात का काय. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, अंगण ओलांडून दारापाशी आले आणि परक्या घरी आल्यासारखे उंबऱ्याबाहेर थांबले.

"डाक्टर," ते म्हणाले, "आमची गाय अडलीया. जरा येता का?"

"पाणी गरम करा," वहिनी म्हणाली, आणि अक्षरशः उडीच मारली तिनं.

मग काय विचारता! दादाला पाण्याच्या बादलीवर बसवला, तो डोळे मिटून बसला. मला साबण दिला. वहिनीनं तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "अहो, घाबरू नका. मी आहे. जरा त्रास होईल, सहन करा." आधी वासराला आत ढकललं, मग चाचपडत डोकं वळवून सरळ केलं. घामानं कपाळाचं कुंकू ओघळलं. पायांना दोरी बांधली आणि टोक दिलं अण्णांच्या हातात. अण्णांनी घाईत हिसका दिला. झालं!

"ए! हिसका देऊ नकोस! अक्कल आहे का? तिला कळ आली की मग ओढ!"

सासऱ्याला! मी तोंडावर हात ठेवला. दादानं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. वहिनीला तर आपण काय बोललो त्याचा पत्ताच नाही. आणि अण्णा, ज्यांना माझ्या आजीनंतर कुणी एकेरी हाक मारली नव्हती, ते काय म्हणाले असतील? म्हणाले, "व्हय डाक्टर." आणि कळेची वाट बघत दोरी धरून राहिले.

कालवड झाली. आधी हालचाल नव्हती. वहिनीनं तिच्या नाकातोंडातलं काढलं, गवताची काडी नाकात फिरवली, छाती चोळली. कालवड शिंकली. अण्णांना रडू फुटलं. दादाही रडला, पण तो दुपारपासूनच रडत होता.

सगळं आवरलं. कालवडीला तिच्या वाट्याचा चीक पाजला, उरलेला मी तांब्यात काढून स्वयंपाकघरात ठेवला. वहिनी कुठं दिसेना. बघते तर गोठ्यामागच्या हौदावर बसलेली, धुतलेलेच हात पुन्हा पुन्हा धूत होती.

"अहो, एवढी गावं केलीत, आणि आज काय झालं?"

"घाबरले होते, वन्सं," ती म्हणाली. "दुसऱ्याची गाय दगावली तर वाईट वाटतं. पण चप्पल घालते आणि घरी येते. इथं काही झालं असतं तर मी कुठं गेले असते?"

असलं काही ती कधी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. बोलावणं येईना म्हणून ती जेवढी झुरली, तेवढीच ते येईल म्हणून भ्यायलीही होती, आणि चार घरांवर राहून मला ह्याची गंधवार्ता नव्हती. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचे हात पदरानं पुसले. आमच्यात असं प्रेमाबिमाचं काही नसतं, पण पुसले.

घरात आलो तर स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. आमच्याकडची रीत अशी की अडलेली गाय सुटली की घरधन्यानं डॉक्टरला बाजेवर बसवून आधी चहा द्यायचा. वहिनीनं तालुक्यातल्या सगळ्या बाजांवर असा चहा घेतलाय. आणि तो चहा करायला, जन्मात कधी चुलीपुढं न गेलेले आमचे अण्णा गॅसपाशी उभे होते! "मी करते," म्हणून वहिनी पुढं झाली, तर डाफरले, "तू बस बाजंवर. डाक्टर हायेस."

वहिनी बाजेवर बसली. अण्णांनी बशीचा काठ दोन्ही हातांनी धरून कप आणला. मी आत डोकावले आणि कपाळावर हात मारला. तांब्या रिकामा! दूध समजून अण्णांनी सगळा चीक चहात ओतला होता. चीक तापला की थिजतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खरवस आवडीनं खाणाऱ्या अण्णांना तो होतो कसा, तेवढंच ठाऊक नव्हतं. कपात चहा नव्हताच. तपकिरी गोळा होता.

वहिनीनं कपात बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी हसू दाबत होते, तर तिनं असे डोळे वटारले की हसू जागीच जिरलं.

"वन्सं, चमचा द्या."

आणि ती खायला लागली. शांतपणे, चमच्या-चमच्यानं, जगात चहा असाच असतो अशा थाटात. अण्णा समोर पाटावर बसून तिच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी आपला कप तोंडाला लावला. काही येईना. त्यांनी कप तिरका केला, आत बघितलं, वास घेतला.

"अगं, ह्यो चीक हाय! बिघडलाय सगळा. टाक त्यो, टाक."

वहिनीनं कप पदराआड धरला. डोळे भरले होते तिचे, गालावरून पाणी चाललं होतं, तरी तोंड चालूच.

"नाही टाकणार, अण्णा," ती म्हणाली. "मला आवडलाय."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी बाजेवर तिच्या शेजारी बूड टेकलं आणि माझ्याकडं हात पुढं केला.

"चंदे, मलाबी येक चमचा आण."